खबऱ्याचा शब्द आणि न्यायाधीशाची सही

न्यूरेंबर्ग येथे नाझी नेत्यांवर चाललेल्या खटल्यात अमेरिकेची बाजू मांडणारे मुख्य अभियोक्ता म्हणून न्यायमूर्ती रॉबर्ट जॅक्सन यांचे नाव जगाच्या इतिहासात नोंदले गेले आहे. मात्र पोलिसांनी घातलेली धाड कायदेशीर होती की नाही, हा वाद अमेरिकेतील न्यायालयांत जेव्हा उभा राहतो, तेव्हा जॅक्सन यांचे निकालपत्र उघडले जाते ते गोरिंग किंवा हेस यांच्यामुळे नव्हे. सिएटल शहरातील एका हॉटेलच्या बोळात दरवळणारा अफूचा वास आणि त्याची बातमी पोलिसांकडे घेऊन आलेला एक व्यसनी खबऱ्या, हे त्याचे कारण आहे.

पोलिसांच्या कामात खबऱ्याचे स्थान मोठे विचित्र असते. तो बहुधा गुन्हेगारांच्याच वर्तुळात वावरणारा असतो. तसा नसेल तर त्याला आतली बातमी मिळणारच नाही. तो खबर देतो ती कधी पैशासाठी, कधी स्वतःवरील खटला सौम्य व्हावा म्हणून, तर कधी निव्वळ जुना हिशेब चुकता करण्यासाठी. त्याचे नाव उघड करता येत नाही, त्याला शपथेवर उभे करता येत नाही आणि त्याची उलटतपासणीही होत नाही. अशा माणसाच्या एका वाक्यावर एखाद्याच्या घराचे दार उघडायला लावायचे की नाही, हा निर्णय कोणी घ्यायचा? खबर खरी मानून सरसकट धाडी घातल्या, तर शेजाऱ्याशी भांडलेला कोणीही माणूस शेजाऱ्याच्या घरात पोलीस घुसवू शकेल. उलट खबऱ्याचा शब्द मुळीच मानायचा नाही असे ठरवले, तर अमली पदार्थ, जुगार, बनावट नोटा यांसारखे गुन्हे उघडकीस येणे जवळजवळ बंद होईल, कारण या गुन्ह्यांत तक्रार करणारा फिर्यादी सहसा नसतोच.

अमेरिकेच्या राज्यघटनेत १७९१ मध्ये समाविष्ट झालेल्या चौथ्या दुरुस्तीने याचे उत्तर एका शब्दप्रयोगात दिले आहे. प्रॉबेबल कॉज, म्हणजे संशयाला पुरेसा आधार देणारे सबळ कारण असल्याखेरीज आणि ते शपथेवर सांगितले गेल्याखेरीज झडतीचे वॉरंट निघू नये, असे ही दुरुस्ती सांगते. पण सबळ कारण म्हणजे काय आणि खबऱ्याने दिलेली बातमी त्यात कितपत बसते, याविषयी घटना मौन बाळगते. हे मौन भरून काढण्याचे काम ज्या न्यायमूर्तींनी केले, त्यांत जॅक्सन यांचा वाटा मोठा आहे. आणि गंमत अशी, की हे काम करणारा माणूस वकिलीत आला तेव्हा त्याच्याजवळ कायद्याची रीतसर पदवी नव्हती.

रॉबर्ट हॉवट जॅक्सन यांचा जन्म १३ फेब्रुवारी १८९२ रोजी पेनसिल्व्हेनिया राज्यातील स्प्रिंग क्रीक येथे शेतकरी कुटुंबात झाला. ते लहान असतानाच कुटुंब न्यूयॉर्क राज्याच्या पश्चिम टोकाला असलेल्या फ्रूजबर्ग या गावी राहायला गेले. तेथील शाळेतून १९०९ मध्ये शिक्षण पूर्ण करून त्यांनी जवळच्या जेम्सटाउन येथील शाळेत आणखी एक वर्ष काढले. महाविद्यालयाची पायरी ते कधीच चढले नाहीत. अठराव्या वर्षी जेम्सटाउनमधील एका वकिलाच्या कार्यालयात ते उमेदवारी करू लागले. मध्ये एक वर्ष ऑल्बनी येथील विधी विद्यालयात त्यांनी अभ्यासक्रम पुरा केला, पण वय एकवीस पूर्ण नसल्याने त्यांना पदवी मिळाली नाही. १९१३ मध्ये सनद मिळाली आणि वकिली सुरू झाली. वकिलाच्या हाताखाली काम करून कायदा शिकण्याची ही जुनी पद्धत तेव्हाच मागे पडत चालली होती. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात पोहोचलेले या परंपरेतील ते अखेरचे न्यायमूर्ती ठरले.

पुढची वीस वर्षे त्यांनी मुख्यतः जेम्सटाउनमध्ये आणि काही काळ बफेलो शहरात वकिली केली. लहान गावातील वकिलाला पक्षकार निवडून घेता येत नाहीत. शेताच्या बांधाच्या भांडणापासून बँकेच्या व्यवहारांपर्यंत सगळे त्याच्या टेबलावर येते. कोण कोणाविरुद्ध काय बोलतो आणि का बोलतो, याची पारख अशा वकिलाला जितकी होते तितकी ती मोठ्या शहरातील बड्या कंपनीच्या वकिलाला क्वचितच होत असेल. जॅक्सन यांच्या निकालपत्रांत पुढे जे व्यवहारज्ञान आणि जी चिमटे काढणारी भाषा दिसते, तिचे मूळ येथे शोधायला हरकत नाही.

न्यूयॉर्कच्या राजकारणामुळे फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्याशी त्यांचा जुना परिचय होता. रूझवेल्ट अध्यक्ष झाल्यावर १९३४ मध्ये जॅक्सन वॉशिंग्टनला गेले आणि करविभागाचे मुख्य विधी अधिकारी झाले. माजी अर्थमंत्री अँड्र्यू मेलन यांच्यासारख्या धनाढ्य व्यक्तीविरुद्धचे कराचे प्रकरण त्यांनी चालवले. त्यानंतरची चढण झपाट्याची होती. १९३८ मध्ये ते सॉलिसिटर जनरल झाले आणि जानेवारी १९४० मध्ये ॲटर्नी जनरल, म्हणजे देशाचे सर्वोच्च विधी अधिकारी आणि एफबीआय ज्या खात्याखाली येते त्या खात्याचे प्रमुख.

या खुर्चीतील दीड वर्षाकडे जॅक्सन यांचे चरित्रकार बारकाईने पाहतात, आणि तसे पाहायलाही हवे. एप्रिल १९४० मध्ये देशभरातील सरकारी वकील वॉशिंग्टनमध्ये जमले असताना जॅक्सन यांनी त्यांच्यापुढे जे भाषण केले, ते आजही सरकारी वकिलांच्या प्रशिक्षणात वाचले जाते. आधी गुन्हा आणि मग गुन्हेगार शोधण्याऐवजी आधी नकोसा माणूस निवडायचा आणि मग त्याच्यावर लावता येईल असा गुन्हा शोधायचा, हा सरकारी वकिलाच्या हातातील सत्तेचा सर्वांत मोठा धोका आहे, असा त्या भाषणाचा आशय होता. त्याच सुमारास त्यांनी एफबीआयला दूरध्वनी चोरून ऐकणे थांबवण्याचा आदेश दिला होता, कारण असे संभाषण पुरावा म्हणून वापरण्यास सर्वोच्च न्यायालयाने मनाई केली होती. परंतु युरोपात युद्ध पेटले होते. २१ मे १९४० रोजी रूझवेल्ट यांनी गुप्त टिपण पाठवून हेरगिरीच्या संशयितांचे दूरध्वनी ऐकण्याची मुभा दिली. जॅक्सन यांनी ती मान्य केली. कोणाकोणाचे दूरध्वनी ऐकले जात आहेत, याची तपशीलवार नोंद स्वतःच्या कार्यालयात न ठेवता ती एफबीआयचे प्रमुख एडगर हूव्हर यांच्याच वहीत राहू देण्याचा मार्ग त्यांनी पत्करला. ही त्यांच्या चरित्रातील गौरवाची बाजू खचितच नाही. मात्र गुप्त माहितीच्या आधारे चालणारी यंत्रणा आतून कशी दिसते, ती देशहिताच्या नावाखाली किती सहज पसरते आणि तिच्यावर देखरेख करणारा माणूसही नजर कशी दुसरीकडे वळवतो, हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नाही.

जुलै १९४१ मध्ये ते सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती म्हणून दाखल झाले. शाळकरी मुलांना राष्ट्रध्वजाला वंदन करण्याची सक्ती करता येणार नाही, हा १९४३ चा प्रसिद्ध निकाल त्यांचाच. जपानी वंशाच्या अमेरिकी नागरिकांना युद्धकाळात घरांतून हुसकावण्यास बहुमताने संमती दिली तेव्हा, १९४४ मध्ये, त्यांनी विरोधी मत नोंदवले. हे दोन्ही निकाल कायद्याच्या विद्यार्थ्यांना चांगले ठाऊक आहेत.

२ मे १९४५ रोजी अध्यक्ष ट्रूमन यांनी नाझी युद्धगुन्हेगारांवरील खटल्यासाठी त्यांची नेमणूक केली आणि न्यायालयातून रजा घेऊन ते युरोपात गेले. तेथे पहिला मोठा वाद झाला तो आरोपींशी नव्हे, तर आपल्याच माणसाशी. युद्धकाळातील अमेरिकी गुप्तचर संघटनेचे प्रमुख विल्यम डोनोव्हन हे सुरुवातीला जॅक्सन यांच्यासोबत होते. खटला जिवंत साक्षीदारांवर उभा करावा आणि प्रसंगी आरोपींपैकीच कोणाला फोडून इतरांविरुद्ध बोलायला लावावे, असा त्यांचा आग्रह होता. गुप्तचराच्या अनुभवातून आलेला हा विचार स्वाभाविक होता. जॅक्सन यांना तो मानवला नाही. जो माणूस स्वतःची मान वाचवण्यासाठी दुसऱ्याकडे बोट दाखवतो, त्याच्या शब्दावर इतिहासातील एवढा मोठा खटला टेकवू नये, असे त्यांचे मत पडले. त्यांनी नाझींच्याच कचेऱ्यांतून हस्तगत केलेल्या कागदपत्रांवर भिस्त ठेवली. नोव्हेंबर १९४५ मध्ये डोनोव्हन बाहेर पडले. कागदांच्या राशींमुळे खटला कंटाळवाणा झाला, अशी टीका बातमीदारांनी तेव्हा केली आणि मार्च १९४६ मध्ये गोरिंग यांच्या उलटतपासणीत जॅक्सन यांची फटफजिती झाली, हेही खरे. पण त्या खटल्याचा निकाल आज कोणी फितुराच्या साक्षीवर दिलेला निकाल म्हणून फेटाळू शकत नाही, याचे श्रेय त्या कंटाळवाण्या कागदांना आहे.

१९४६ च्या शरद ऋतूत ते वॉशिंग्टनला परतले तेव्हा घरचे वातावरणही बिघडलेले होते. सरन्यायाधीशपद हुकले होते आणि सहकारी न्यायमूर्ती ह्यूगो ब्लॅक यांच्याशी उघड भांडण झाले होते. या कडवटपणाच्या काळातच खबरी आणि झडती यांविषयीचे त्यांचे महत्त्वाचे निकाल आले.

पहिला निकाल ५ जानेवारी १९४८ चा, आणि तो त्यांच्या जुन्या बफेलो शहरातील प्रकरणाचा. युद्धकाळात पेट्रोल शिधापत्रिकेवर मिळत असे आणि बनावट कुपनांचा काळाबाजार जोरात होता. अमुक एका माणसाकडून अमुक ठिकाणी आपण बनावट कुपने विकत घेणार आहोत, अशी खबर एका खबऱ्याने अधिकाऱ्यांना दिली. अधिकारी त्या माणसाच्या मोटारीमागे गेले. मोटार थांबली तेव्हा मागच्या आसनावर खबऱ्या हातात कुपने घेऊन बसला होता. ती कोणाकडून घेतली असे विचारताच त्याने चालकाचे नाव सांगितले. चालकाच्या शेजारी डी रे नावाचा आणखी एक माणूस बसला होता. त्याच्याविषयी खबऱ्याने आधी काही सांगितले नव्हते आणि आताही सांगितले नाही. तरीही तिघांनाही ठाण्यात नेण्यात आले. झडतीत डी रे याच्या सदऱ्याखाली लपवलेल्या पाकिटात शंभर बनावट कुपने सापडली.

माणूस दोषी होता, यात शंका नव्हती. तरीही जॅक्सन यांनी बहुमताच्या वतीने त्याची शिक्षा रद्द करणारा खालच्या न्यायालयाचा निकाल कायम केला. खबऱ्याने गुन्हेगार म्हणून एकाकडे बोट दाखवले, म्हणजेच दुसऱ्याकडे दाखवले नाही, असा त्यांचा साधा युक्तिवाद होता. पोलिसांना खबऱ्यावर विश्वास ठेवायचा असेल तर त्याच्या बोलण्याइतकाच त्याच्या न बोलण्यावरही ठेवावा लागेल. संशयित माणसाच्या शेजारी बसणे हा गुन्हा नव्हे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, झडतीत काय सापडले यावरून ती झडती योग्य ठरत नाही. ती सुरू होताना हाती काय होते, यावरच तिचा निवाडा व्हायला हवा. पोलिसांची नजर सर्वत्र पोहोचणे हे काही गुन्हेगार सुटण्यापेक्षा मोठे संकट आहे असे घटनाकारांना वाटले होते, याची आठवणही त्यांनी करून दिली.

बरोबर चार आठवड्यांनी, २ फेब्रुवारी १९४८ रोजी, सिएटलच्या अफूचा निकाल आला. संध्याकाळी साडेसातच्या सुमारास युरोप हॉटेलमध्ये कोणीतरी अफू ओढत असल्याची खबर पोलीस अधिकाऱ्याला मिळाली. खबर देणारा स्वतःच अमली पदार्थांचे सेवन करणारा म्हणून पोलिसांना माहीत होता. अधिकाऱ्याने त्याला पुन्हा हॉटेलात पाठवले. तो लगेच परतला आणि बोळात जळत्या अफूचा वास येत असल्याचे त्याने सांगितले. रात्री साडेआठ ते नऊच्या दरम्यान अधिकारी केंद्रीय अमली पदार्थ विभागाच्या चार अनुभवी कर्मचाऱ्यांसह तेथे पोहोचला. सर्वांनी तो वास ओळखला आणि त्याचा माग काढत ते एक क्रमांकाच्या खोलीपाशी आले. आत कोण आहे, हे त्यांना माहीत नव्हते. दार ठोठावल्यावर थोड्या विलंबाने एका महिलेने दार उघडले. अधिकारी आत गेले, तिला अटकेत समजावे असे त्यांनी सांगितले आणि खोलीची झडती घेतली. अफू सापडली आणि ओढण्याची साधने अजून कोमट होती.

येथे खबर खरी निघाली होती, वासाने तिला दुजोरा मिळाला होता आणि अधिकारी अनुभवी होते. मग चूक कोठे झाली? जॅक्सन यांनी पोलिसांच्या बाजूचे सारे काही मान्य केले. असा वास ओळखणारा जाणकार अधिकारी शपथेवर ते सांगत असेल, तर दंडाधिकारी वॉरंट देऊ शकला असता, हेही त्यांनी म्हटले. पण अधिकारी दंडाधिकाऱ्याकडे गेलेच नाहीत. गुन्हेगारांच्या मागावर असलेल्या आणि यशासाठी चढाओढ करणाऱ्या पोलिसाने पुराव्यावरून काय अनुमान काढावे हे त्याने स्वतःच ठरवू नये. ते अनुमान त्या शर्यतीत नसलेल्या, तटस्थ आणि अलिप्त दंडाधिकाऱ्याने काढावे, हा चौथ्या दुरुस्तीचा गाभा असल्याचे त्यांनी मांडले. आरोपी पळून जात नव्हती, पुरावा नाहीसा होणार नव्हता. अडचण होती ती केवळ कागद तयार करण्याच्या आणि दंडाधिकारी गाठण्याच्या कष्टांची. शिवाय अटकेचे समर्थन झडतीत सापडलेल्या मालाने आणि झडतीचे समर्थन अटकेने करणे, म्हणजे एकाच वर्तुळात फिरणे होय. पाच विरुद्ध चार अशा निसटत्या बहुमताने महिलेची शिक्षा रद्द झाली. विरोधात असलेल्या चौघांत ह्यूगो ब्लॅक होते, हे सांगायला नकोच.

जॅक्सन यांच्या या भूमिकेकडे गुन्हेगारांविषयीची दयाबुद्धी म्हणून पाहणे चूक ठरेल. त्यांचा मुद्दा वेळेचा होता. खबर तोलायची ती दार उघडण्यापूर्वी. दार उघडून अफू हाती लागल्यावर जगातील कोणताही खबऱ्या विश्वासार्हच वाटतो. काही सापडले नाही तर ते प्रकरण न्यायालयात येतच नाही. न्यायाधीशांना फक्त खऱ्या निघालेल्या खबरी दिसतात. खोट्या खबरीमुळे ज्याचे घर उलथेपालथे झाले तो निरपराध माणूस गप्प बसतो किंवा त्याचे ऐकायला कोणी नसते. हा मुद्दा त्यांनी स्पष्टपणे मांडला तो पुढच्या वर्षी, २७ जून १९४९ रोजी, ब्रिनेगर खटल्यातील विरोधी मतात. ओक्लाहोमा राज्यात दारूबंदी होती. मिसुरीतून दारू आणणारा म्हणून माहीत असलेल्या एका माणसाची मोटार जड दिसली, एवढ्यावरून अधिकाऱ्यांनी तिचा पाठलाग करून ती अडवली आणि दारूची खोकी पकडली. बहुमताने ते वैध ठरवले. सबळ कारण ही तांत्रिक बाब नसून रोजच्या व्यवहारात समंजस माणसे ज्या शक्याशक्यतेवर चालतात तीच कसोटी येथे पुरेशी आहे, असे बहुमताचे म्हणणे होते.

जॅक्सन यांनी फ्रँकफर्टर आणि मर्फी या न्यायमूर्तींसह याला कडाडून विरोध केला. त्या मतात न्यूरेंबर्गहून आलेला माणूस बोलत आहे, हे जाणवल्याशिवाय राहत नाही. ज्या समाजात अनेक गुण आहेत पण घराचे आणि अंगाचे रक्षण नाही, तेथे थोडा काळ जरी राहिले तरी माणसांची मने कशी खुरटतात ते कळते, असे त्यांनी लिहिले. बेबंद झडती हे प्रत्येक जुलमी राजवटीचे पहिले आणि सर्वांत परिणामकारक हत्यार असते, हेही त्यांनी बजावले. त्याच वेळी एखाद्या मुलाचे अपहरण झाले असेल आणि पोलिसांनी सारा परिसर नाकेबंदी करून प्रत्येक मोटार तपासली, तर आपण त्याला मान्यता देण्याचा प्रयत्न करू; मात्र दारूच्या काही बाटल्यांसाठी ती देणार नाही, असे सांगून त्यांनी आपला व्यवहारीपणाही सोडला नाही.

येथपर्यंतचे चित्र सुसंगत आहे. मात्र १९५२ च्या ऑन ली खटल्यातील निकालपत्र वाचले की ते विस्कटते. न्यूजर्सीतील होबोकन येथे धुलाईचे दुकान चालवणाऱ्या एका चिनी माणसावर अफूच्या व्यवहाराचा आरोप होता. तो जामिनावर असताना त्याचा जुना ओळखीचा माणूस अंगावर लपवलेला मायक्रोफोन घेऊन त्याच्या दुकानात गेला आणि बाहेर उभा असलेला अधिकारी सारे बोलणे ऐकत राहिला. खटल्यात त्या खबऱ्याला साक्षीला बोलावलेच नाही. साक्ष दिली ती ऐकणाऱ्या अधिकाऱ्याने. पाच विरुद्ध चार बहुमताने शिक्षा कायम झाली आणि निकालपत्र जॅक्सन यांनीच लिहिले. दुकानमालकाने त्याला स्वतः आत घेतले होते, तेव्हा झडती झालीच नाही, असे त्यांचे म्हणणे. असे विश्वासघातकी मित्र कितपत खरे बोलतात, हा प्रश्न गंभीर असला तरी तो ज्यूरीने ठरवायचा, असे सांगून त्यांनी तो बाजूला ठेवला. दाराबाहेरच्या खबऱ्यासाठी एक माप आणि दाराच्या आत आलेल्या खबऱ्यासाठी दुसरे, असे येथे झाले. बंद दाराला इतके मोल देणाऱ्या न्यायमूर्तींनी बंद दाराआडच्या विश्वासाला तेवढे मोल दिले नाही, ही त्रुटी मान्य करावीच लागते.

फेब्रुवारी १९५४ मध्ये कॅलिफोर्नियातील आयर्विन खटल्यातही तसेच घडले. जुगाराचा अड्डा चालवत असल्याच्या संशयावरून पोलिसांनी एका घराची बनावट किल्ली करून घेतली, छतातून तार टाकली आणि मायक्रोफोन शयनगृहात बसवला. जॅक्सन यांनी पोलिसांच्या या कृत्याचा कडक शब्दांत निषेध केला, पण राज्य न्यायालयाने दिलेली शिक्षा उलटवली नाही. दोषी पोलिसांवर खटला भरता येतो का ते सरकारने पाहावे, असे सुचवून ते थांबले.

त्याच महिन्याच्या पुढच्या महिन्यात, मार्च १९५४ मध्ये, भारताच्या सर्वोच्च न्यायालयाच्या आठ न्यायमूर्तींनी एम. पी. शर्मा प्रकरणात झडतीच्या अधिकाराचा विचार केला होता. अमेरिकेच्या चौथ्या दुरुस्तीसारखी तरतूद आपल्या घटनाकारांनी केलेली नाही, तेव्हा ती ओढूनताणून आणता येणार नाही, असे तेव्हा ठरले. खासगीपणा हा मूलभूत हक्क नाही, असा त्या निकालातून निघणारा निष्कर्ष २०१७ मध्ये नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने मोडीत काढला.

३० मार्च १९५४ रोजी जॅक्सन यांना हृदयविकाराचा झटका आला. शाळांतील वर्णभेद घटनाबाह्य ठरवणारा ब्राउन खटल्याचा निकाल एकमताने जाहीर व्हावा म्हणून १७ मे रोजी ते रुग्णालयातून थेट न्यायासनावर येऊन बसले. ९ ऑक्टोबर १९५४ रोजी वॉशिंग्टनमध्ये त्यांचे निधन झाले. वय होते ६२. फ्रूजबर्गच्या दफनभूमीत त्यांना चिरविश्रांती मिळाली.

त्यांच्यामागे खबऱ्याचा प्रश्न शिल्लक राहिला. दंडाधिकारी तटस्थ हवा हे ठरले, पण त्या दंडाधिकाऱ्यापुढे खबरीविषयी नेमके काय ठेवायचे? १९५९ मध्ये डेन्व्हरच्या ड्रेपर प्रकरणात एका खबऱ्याने आरोपीचा पोशाख, हातातील पिशवी, चालण्याची ढब, इतकेच काय, तो शिकागोहून रेल्वेने कोणत्या दिवशी येईल हेही सांगितले होते. सारे तंतोतंत जुळल्यावर केलेली अटक न्यायालयाने वैध मानली. एकट्या डग्लस यांनी विरोध केला. १९६४ मध्ये ॲग्विलर खटल्यात ह्यूस्टनच्या पोलिसांनी प्रतिज्ञापत्रात केवळ एवढेच लिहिले होते, की विश्वसनीय व्यक्तीकडून खात्रीलायक माहिती मिळाली आहे. न्यायमूर्ती गोल्डबर्ग यांनी जॅक्सन यांच्या सिएटल निकालाचा दाखला देत ते वॉरंट रद्द केले. खबऱ्याला ही गोष्ट कशी कळली आणि तो विश्वासार्ह आहे असे कशावरून, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे दंडाधिकाऱ्यापुढे आली पाहिजेत, असे सूत्र त्यातून निघाले. नाही तर दंडाधिकारी निर्णय घेत नाही, पोलिसाने घेतलेल्या निर्णयावर सही करतो. १९६९ मध्ये स्पिनेली खटल्यात हे सूत्र अधिक कडक झाले. त्या प्रकरणातील खबऱ्याने जुगाराच्या पैजा दोन दूरध्वनींवर घेतल्या जात असल्याचे सांगितले होते आणि एफबीआयने ते दोन दूरध्वनी एका घरात असल्याचे शोधून काढले होते. घरात दोन दूरध्वनी असणे यात संशयास्पद काही नाही, असे न्यायालयाने म्हटले.

या कसोटीचा शेवट १९८३ मध्ये झाला. इलिनॉय राज्यातील ब्लूमिंगडेल येथील पोलिसांना मे १९७८ मध्ये निनावी पत्र आले होते. अमुक दांपत्य अमली पदार्थांचा धंदा करते. पत्नी मोटार घेऊन फ्लोरिडाला जाईल आणि विमानाने परतेल, पती विमानाने जाऊन माल भरलेली मोटार परत आणेल, असे त्यात लिहिले होते. पाळत ठेवल्यावर बरेचसे जुळले, सगळे नाही. पत्नी विमानाने परतलीच नाही. मोटारीत सुमारे ३५० पौंड गांजा मिळाला. पत्र लिहिणारा कोण आणि त्याला हे कसे कळले, हे कोणालाच माहीत नसल्याने इलिनॉयच्या न्यायालयांनी पुरावा फेटाळला होता. सर्वोच्च न्यायालयाने तो ग्राह्य धरला. दोन स्वतंत्र प्रश्नांची कसोटी सोडून एकूण परिस्थिती पाहावी आणि गुन्ह्याचा पुरावा मिळण्याची वाजवी शक्यता आहे का ते व्यवहारबुद्धीने ठरवावे, असा नवा दंडक आला. आधारासाठी ब्रिनेगर खटल्यातील बहुमताचे मत पुढे करण्यात आले, तेच, ज्याला जॅक्सन यांनी विरोध केला होता. हे निकालपत्र लिहिणारे न्यायमूर्ती होते विल्यम रेन्क्विस्ट. १९५२-५३ मध्ये ते जॅक्सन यांच्याच दालनात लॉ क्लार्क म्हणून काम करत होते.

गेट्स खटला म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या निकालाने काम सोपे झाले, हे नाकारता येणार नाही. निनावी पत्र लिहिणारा कधीच समोर येत नसल्याने जुन्या कसोटीवर अशी खबर जवळपास निरुपयोगी ठरत असे. पण विरोधी मत देणाऱ्या न्यायमूर्तींचा आक्षेपही तितकाच खरा होता, की खबरीतील चुका मोटारीतल्या गांजामुळे किरकोळ वाटू लागल्या. २००० मध्ये निकाल लागलेल्या एका प्रकरणात मायामीतील बसथांब्यावर एका मुलाकडे पिस्तूल असल्याच्या निनावी दूरध्वनीवरून पोलिसांनी त्याला तपासले होते. पिस्तूल खरोखरच सापडले. तरीही न्यायालयाने एकमताने ती झडती अवैध ठरवली. खबरीने मुलाचा सदरा बरोबर ओळखला होता, पण सदऱ्याचा रंग रस्त्यावरच्या कोणालाही दिसतो; पिस्तुलाविषयी बोलणाऱ्याला ते कसे कळले, हे कोठेच आले नव्हते.

अमेरिकेत राज्यांना आपापल्या घटनेनुसार नागरिकांना अधिक संरक्षण देता येते. मॅसॅच्युसेट्सने १९८५ मध्ये गेट्सचा दंडक नाकारून दोन प्रश्नांची जुनी कसोटी कायम ठेवली. त्याच्या आधी, १९८४ मध्येच, हे पाऊल वॉशिंग्टन राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने उचलले होते. सिएटल आणि ते युरोप हॉटेल याच राज्यातले.